५० नॅनोवॅटचा धोका

ब्रिटिश कायद्याच्या दक्षतेचं कौतुक करावं तेवढं थोडं. २००६ साल उजाडलं तरी तिथल्या बऱ्याच गाड्यांच्या कंपनी-स्टिरिओला बाहेरचं गाणं आत घ्यायला भोकच नव्हतं. डॅशबोर्ड उचकटा, सीडी चेंजरच्या सॉकेटात वायर खुपसा, सरकारची हरकत नाही. पण आयपॉडला चिमुकला एफएम ट्रान्समीटर लावून भीमसेन हातभर अंतरावरच्या स्टिरिओत पोचवले, की १९४९च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने तुम्ही विनापरवाना प्रक्षेपक! १९६४ साली समुद्रात जहाज नांगरून गाणी वाजवणारं रेडिओ कॅरोलाइन आणि सहकुटुंब लेस्टरला निघालेले आपले काका, एकाच माळेचे मणी.

अखेर ८ डिसेंबर २००६ला तिथल्या प्रसारण-नियामक ऑफकॉमने अशा ट्रान्समीटरना ५० नॅनोवॅटपर्यंत मुभा दिली. जरा घाईच झाली, असं आमचं नम्र मत. मागच्या सीटवर आरती म्हणणाऱ्या मावशींचा पल्ला याहून कितीतरी मोठा. त्यांचा परवाना तपासायचं राहूनच गेलं.

पुढे गाड्यांना कारखान्यातूनच ऑक्सचं भोक मिळू लागलं. लगोलग, म्हणजे २०१६ साली, ॲपलने आयफोनचं बुजवलं.