क्विंटलच्या गावात एक ग्रॅम

साठीला टेकलेल्या पुरुषाने चेहऱ्याला घरी केलेलं जवसाचं सीरम का लावू नये, याचं एकही धड कारण आमच्या घरात मला मिळालेलं नाही. टोमणे मिळाले. "अहो, एवढ्या जवसाची महिनाभराची चटणी झाली असती," ही म्हणाली. चटणीने सुरकुत्या जात नाहीत, हे तिला कोण सांगणार?

जवस उकळलं की बुळबुळीत रस सुटतो, तो गाळला की जेल तयार. पण तो चिकटपणा म्हणजे साखरेच्याच साखळ्या. त्यात पाणी, वर नागपूरचा मे महिना. जंतूंना आणखी काय हवं? म्हणून प्रिझर्वेटिव्ह. फिनॉक्सीइथेनॉल युरोपच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 1 टक्का, म्हणजे 100 ग्रॅमला एक ग्रॅम. आणि मी राहतो कळमन्यात. इथल्या बाजार समितीच्या यार्डात क्विंटलखाली कोणी बोलत नाही, अख्खा ट्रक काट्यावर चढतो. शेवटी सोनारासारखा काटा विकत आणला. "सोनाराच्या दुकानातून काटाच आणला?" एवढंच ही बोलली.

सोडियम बेंझोएट स्वस्त, सरबत-स्क्वॅशमध्ये घालतात तेच. मात्र ते आंबटातच चालतं. पीएच 5 च्या वर गेला की नावापुरतं उरतं. त्यात व्हिटॅमिन सी असेल तर ऊन आणि उजेडात दोघांपासून थोडं बेंझीन तयार होऊ शकतं, आणि बेंझीन कर्करोगकारक. संत्री आणि ऊन, दोन्ही आम्हाला मुबलक. म्हणून ती जोडी मी बाद केली.

जवसाच्या जेलला तार फार सुटते, तेव्हा झँथन गमकडे वळलो. इथे मला थांबवू नका. हा गोंद एक जिवाणू करतो, झँथोमोनास कँपेस्ट्रिस. कोबीवर घाण्या रोग पडतो ना, पानाच्या कडेपासून पिवळं पडून शिरा काळ्या होतात, तो याचाच प्रताप. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत अॅलीन जीन्स यांच्या चमूने त्याच्याकडून गोंद काढून घेतला आणि 1969 मध्ये तिथे तो खाण्यातही मंजूर झाला. याचाच भाऊबंद लिंबावर खैऱ्या आणतो. म्हणजे आमच्या लिंबूवाल्यांनी ज्या खानदानाला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या दिल्या, त्यातलाच एक आता माझ्या गालावर गुळगुळीतपणा आणतोय. ही गोष्ट मी यार्डात किमान दहाजणांना ऐकवली. नवव्याने मला कोबीचा भाव विचारला.

चीड मात्र खरी येते ती "पॅराबेन नाही" असं मिरवणाऱ्या बाटल्यांची. पॅराबेन हेही प्रिझर्वेटिव्हच. 2004 मध्ये एका छोट्या अभ्यासात स्तनाच्या गाठींत पॅराबेन सापडलं. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती. तरी जग घाबरलं. पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं आणि त्याच्या अॅलर्जीने त्वचेचे डॉक्टर हैराण झाले. अमेरिकेतल्या त्यांच्या एका संस्थेने 2013 मध्ये त्याला 'वर्षाचा अॅलर्जीकारक' ठरवलं, आणि 2019 मध्ये पॅराबेनला अॅलर्जी न करणारा म्हणून मान दिला. बदनामी धुवायला पंधरा वर्षं!

यार्डात मिरचीच्या बाजूला देठ तोडणाऱ्या एका बाईने माझी बाटली निरखून पाहिली. "काऊन जी भाऊ, यानं हाताची आग थांबते का?" माझ्या विद्वत्तेची वाचाच बसली. तिखटपणाचं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. माझं सीरम तर जवळजवळ सगळं पाणी. ती मात्र कामाला बसण्याआधीच हातांना तेल चोळून आली होती. दिवसभर त्या ठसक्यात बसणाऱ्यांच्या कातडीसाठी कोण काय बनवतं, हे मी त्याआधी कधी विचारलंच नव्हतं. सगळी विद्या स्वतःच्या गालांवर खर्च.

तुम्हाला असं सीरम प्रिझर्वेटिव्हशिवाय करायचंच असेल तर दोन-तीन दिवसांपुरतंच करा, फ्रिजात ठेवा, वास बदलला की फेका. आणि व्हिटॅमिन ई घातलं की टिकतं असं कोणी सांगितलं, तर ऐकू नका: ते तेलाला खवट होऊ देत नाही, जंतू मारत नाही.