चार जावा आणि एक हायपरवायझर

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे आईला समजावण्याची वेळ वर्षातून दोनदा येते. एकदा दिवाळीत नातेवाईक जमले की, आणि एकदा मी रात्री दोनला जागा सापडलो की. ही दुसरी वेळ होती.

‘‘एका कॉम्प्युटरच्या पोटात चार कॉम्प्युटर चालतात. प्रत्येकाला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच. हा भ्रम जपणाऱ्या प्रोग्रामला हायपरवायझर म्हणतात.’’

‘‘म्हणजे चार जावांचं एक स्वयंपाकघर,’’ आई म्हणाली.

ही व्याख्या कॉलेजात मिळाली असती तर माझी एक एटीकेटी वाचली असती.

झालं होतं असं की, आमच्या एका गेस्टमधला डेटाबेस दोन-तीन दिवसांतून एकदा कुरकुरायचा : मी लिहिलं एक, आणि वाचतोय भलतंच. (आतल्या यंत्राला गेस्ट म्हणतात. पाहुण्यासारखंच ते सगळं मागतं आणि वर तक्रारही करतं.) रोज येणारा बग परवडला. हा मात्र स्कूटरच्या त्या खडखडाटाच्या जातीचा होता, जो मेकॅनिकच्या दारात नेमका बंद होतो. मी जागोजागी लॉग छापले; पाच दिवस बग गायब. लॉग काढले, संध्याकाळी हजर. ‘‘मग लॉग ठेवूनच देऊन टाकू या का?’’ असं टीम लीड म्हणाला. तो विनोद करत होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आठव्या दिवशी बिघडलेली मेमरी हेक्समध्ये उघडली. बिघाड ज्या पत्त्यावर सुरू होत होता त्याच्या शेवटी तीन शून्यं होती, आणि बरोबर ४०९६ बाइटनंतर तो संपत होता. पुढचं सगळं सोवळ्यात. रॅमची खराब चिप इतकी शिस्तीत नासधूस करत नाही. ४०९६ बाइट म्हणजे एक पेज. १९६२च्या मँचेस्टरच्या ॲटलस यंत्रापासून मेमरीचे असे सारखे तुकडे पाडायची चाल आहे. आणि त्या तुकड्यात होतं काय, तर शेजारच्या गेस्टचे बूट होतानाचे संदेश. एका जावेच्या साखरेच्या डब्यात दुसरीचं तिखट.

गेस्टचा पत्ता आधी त्याच्या स्वतःच्या टेबलात शोधायचा, मग आमच्या. दोन्ही टेबलं चार-चार मजली. नशीब फुटकं असेल तर एका पत्त्यासाठी मेमरीत चोवीस खेपा. म्हणून प्रोसेसर सापडलेले पत्ते टीएलबी नावाच्या छोट्या वहीत टिपून ठेवतो. न बघता आपला हात साखरेच्या डब्याकडे जातो, तसं. आमच्या हायपरवायझरनं दोन एमबीचं मोठं पेज फोडून ५१२ लहान पेजेस केली, त्यातलं एक दुसरीकडे हलवलं, जुनी जागा शेजाऱ्याला दिली. टेबलात नवा पत्ता इमानदारीत लिहिला. ‘वहीतला जुना पत्ता खोडा’ हे मात्र एकाच वाटेवर सांगायचं राहिलं. लॉग छापण्यात वेळ गेला की तोवर जुनी नोंद आपोआप निघून जायची, एवढंच लॉगचं औषध.

इंटेलनं २००८च्या नेहेलेममध्ये हे दुहेरी टेबल हार्डवेअरमध्ये आणलं. त्याआधी हायपरवायझरला शॅडो टेबलं स्वतः सांभाळावी लागत. त्या काळातले एक सीनियर आमच्याकडे आहेत. ‘‘आमच्या वेळी असे दिवसाला तीन निघायचे,’’ ते म्हणाले. माझे आजोबा विहिरीवरून पाणी आणल्याचं याच सुरात सांगायचे.

दुरुस्ती एका ओळीची. रिव्ह्यूमध्ये तिच्यावर चौदा शेरे आले, त्यातले नऊ वरच्या कॉमेंटमधल्या इंग्रजीवर.

‘‘डबे हलवले आणि कुणाला सांगितलं नाही, इतकंच ना?’’ आई म्हणाली. ‘‘त्याला अकरा दिवस?’’

‘‘आता सांगतो ना सगळ्या प्रोसेसरना.’’

‘‘नुसतं सांगून काय होतंय! धाकटी माजघरातून ओरडायची, ‘डबे बदललेत हो!’ जिचे हात पिठात, ती कशाला ऐकतेय? शेवटी थोरल्या जाऊबाईंनी नियम केला. चौघींनी ‘हं’ म्हटल्याशिवाय रिकाम्या डब्यात दुसरं काही भरायचं नाही.’’

मी चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. माझी ओळ सगळ्या प्रोसेसरना ओरडून सांगत होती. ‘हं’साठी मात्र कुणी थांबत नव्हतं. जागा लगेच शेजाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी पॅच दोन ओळींचा झाला.

‘‘हे चौदा जणांच्या... म्हणजे चौदा शेऱ्यांच्या नजरेतून सुटलं,’’ टीम लीड म्हणाला. ‘‘पकडलं कुणी?’’

‘‘थोरल्या काकूंनी.’’

‘‘कुठल्या टीममध्ये आहेत?’’