मूर्ती पेंढ्यात, डोकं वाऱ्यावर

भाच्याला डर्ट बाईक हवी आहे. ही बातमी त्याने संकष्टीच्या आरतीनंतर, सगळ्यांची तोंडं मोदकांनी भरलेली असताना फोडली. त्यामुळे पहिली पाच मिनिटं विरोध झाला नाही.

आजीने मोदक गिळून विचारलं, "डर्ट म्हणजे काय रे?"

"चिखल, माती, दगडधोंडे. त्यातून चालवायची गाडी, आजी."

"त्यात नवीन काय? चिखलणी आपल्याकडे दर पावसाळ्यात होते. बैलांना पेट्रोल लागत नव्हतं एवढंच."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मामा म्हणजे घरातला बिनफीचा वकील. मी अशील बाजूला घेतला आणि खर्चाची यादी मागितली. मोबाईलवर ती तयारच होती: गाडी, जाड गोट्यांचे टायर, कान फाडणारा सायलेन्सर, हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा, स्टिकर दोन.

"आणि हेल्मेट?"

"ते आहे की घरात."

घरातलं हेल्मेट मी चांगलं ओळखतो. हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेल्यांतून, घासाघीस करून घेतलेलं. त्याचा आयएसआयचा शिक्का पहिल्या पावसात वाहून गेला. गेल्या वर्षी मांजरीने त्यात तीन पिल्लं घातली, तेवढाच त्याचा कुणाला उपयोग झाला. थोडक्यात, हेल्मेट कॅमेऱ्याला बसायला हवं होतं. डोकं ही मधली अडचण.

आमचं गाव पेण. रोज खड्ड्यांतून जाणाऱ्या पेणकराला डर्ट बाईक शिकवायची गरजच काय, हा विनोद एव्हाना तुमच्या ओठांवर आला असेल. तो तिथेच ठेवा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून तो चालू आहे आणि आता त्या विनोदालाच खड्डे पडलेत. शिवाय त्यात एक चूक आहे. मोटोक्रॉसच्या, म्हणजे डर्ट बाईकच्या शर्यतीच्या, ट्रॅकवर समोरून कंटेनर येत नाही. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, उंचवटे मोजून बांधलेले असतात, वळणावर झेंडा घेतलेला माणूस उभा असतो. वडखळ नाक्यावर झेंडा घेतलेला माणूस दिसला, तर तो मोर्चातला.

हा खेळ शंभर वर्षांचा झाला. मार्च १९२४ मध्ये इंग्लंडात कॅम्बर्लीजवळच्या माळावर काही मंडळींनी मोटारसायकली उधळल्या, तिथून त्याची सुरुवात धरतात. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. तिथे शर्यतीसाठी मुद्दाम माती आणून ट्रॅक रचला. आमच्याकडे रस्त्यावरची माती उचलायला माणूस मिळत नाही. ज्याचं त्याचं नशीब.

आता भाच्याला पहिली गोष्ट सांगितली ती अशी की 'डर्ट बाईक' नावाची जनावरं दोन. एक अस्सल: हेडलाईट नाही, आरसे नाहीत, नंबरप्लेट नाही. ती बंद ट्रॅकवरच चालवायची. ट्रॅकपर्यंत टेम्पोत घालून न्यायची, वरातीतल्या घोड्यासारखी. ती घेऊन चिंचपाड्यापर्यंत जरी गेलास तरी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गवत खाईल. दुसरी पासिंग झालेली, रस्त्यावर आणि मातीत दोन्हीकडे चालणारी, हीरोची एक्सपल्स २०० वगैरे. ती २०१९ साली आली तेव्हा दिल्लीतली शोरूमची किंमत ९७,००० होती, म्हणून मध्यमवर्गीय पोरांना हे वेड परवडू लागलं. नवख्याने हिच्यावरच शिकावं. मात्र सीट ८२३ मिलिमीटर उंच आहे. शोरूममध्ये पाय टेकतात, उतारावरच्या मातीत टेकत नाहीत.

दुसरी गोष्ट सांगायला मी त्याला हमरापूरला नेलं. मूर्तीच्या कारखान्यात.

सीझनचे शेवटचे दिवस होते. बाहेरगावच्या मूर्ती टेम्पोत चढत होत्या. पॅकिंग करणारा माणूस कसा काम करतो ते बघ, एवढंच म्हणालो. आधी सोंड. मग बोटं, कान, मुकुटाचं टोक. जे पुढे आलेलं आहे ते आधी मोडणार, म्हणून ते आधी गुंडाळायचं. कागद, पेंढा, फोम, पुठ्ठा. दोन मूर्तींच्या मध्ये मोकळी जागा सोडायची नाही, कारण हललेली मूर्ती फुटते. शाडूची कच्ची माती. भाजलेली नाही, म्हणून जास्त जपायची. इथले गणपती असे गुंडाळले जाऊन परदेशापर्यंत धड पोहोचतात.

आणि तोच टेम्पो भरून झाल्यावर तोच माणूस बाईकला किक मारून जेवायला घरी गेला. डोक्यावर रंगाचे शिंतोडे, बाकी काही नाही.

माणसाच्या पॅकिंगचं शास्त्र हमरापूरच्या शास्त्रापेक्षा वेगळं नाही. पुढे आलेलं आधी मोडतं. पडताना माणूस हात पुढे टाकतो, म्हणून मनगट आणि गळ्याजवळचं हाड जातं. गाडी पायावर पडते, म्हणून घोटा आणि नडगी जाते. म्हणून हातमोजे, कोपराचे आणि गुडघ्याचे गार्ड, छाती-पाठीचं कवच, आणि नडगीपर्यंत येणारे टणक बूट. भाच्याला वाटलं होतं बूट सगळ्यात शेवटी, दिवाळीच्या बोनसमधून. मातीत शिकणाऱ्याला हेल्मेटच्या खालोखाल बूटच लागतात. हळू वेगात, जागच्या जागी गाडी कलंडते आणि शे-दीडशे किलो लोखंड घोट्यावर येतं. चपला घालून डर्ट रायडिंग करणं म्हणजे गणपतीची मूर्ती वर्तमानपत्राच्या एका पानात गुंडाळून एसटीच्या टपावर टाकणं.

हेल्मेट मातीचं वेगळं असतं. हनुवटीपाशी पुढे आलेलं, कारण धापा टाकणाऱ्याला श्वासाला जागा लागते. कपाळावर छज्जा, ऊन आणि पुढच्या गाडीने उडवलेला चिखल अडवायला. काच नसते, वेगळा गॉगल लावतात. हायवेवर भरधाव जाताना तोच छज्जा वाऱ्याला पकडून मान मागे ओढतो, म्हणून रोज कामावर जाण्यासाठी ते नको. कुठलंही घ्या, गालावर घट्ट बसलं पाहिजे. हेल्मेट हलवलं की गालाची कातडीही बरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून मागून वर ओढलं तर निघता कामा नये. आपल्याकडे मात्र सैल हेल्मेट आवडतं. सिग्नलला पटकन काढून फोन कानाला लावता येतो.

आणि आयएसआय बघाच. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीचं हेल्मेट आयएसआय शिक्क्याशिवाय बनवणं, विकणं बेकायदा आहे. दोरीवर टांगलेल्या हेल्मेटांना हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

हेल्मेटच्या पोटात काय असतं, हे पेणकराला तर कळायलाच हवं. थर्माकोल. होय, ज्याची मखरं आपण वर्षानुवर्षं कोरली आणि २०१८ साली राज्याने ज्यावर बंदी घातली, त्याचाच जरा दाट भाऊ. बाहेरचं टणक कवच ही नुसती पेटी. वाचवतो तो आतला थर, आणि तोही स्वतः दबून, चिरडून. डोकं थांबायला जे काही सहस्रांश सेकंद जास्त मिळतात, ते त्याच्या मरणातून मिळतात. एकदा दबला की तो परत फुगत नाही. म्हणजे एक जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकाकू दे, ते खंडित. खंडित मूर्ती आपण पूजेला ठेवत नाही. खंडित हेल्मेट मात्र "धाकट्याला होईल" म्हणून माळ्यावर ठेवतो.

आणखी एक. थर्माकोलवर पेट्रोल टाकलं की काय होतं हे शाळकरी पोरांनाही माहीत आहे, ते विरघळतं. तरी आमची आवडती जागा कुठली? पेट्रोलची टाकी. हेल्मेट टाकीवर उपडं ठेवायचं आणि पंपावर म्हणायचं, "फुल कर."

हे शास्त्र आकाशातून पडलं नाही. मे १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडात मोटारसायकलवरून पडला, हेल्मेट नव्हतं, सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. ते डोक्याला लागलेल्या मोटारसायकलवाल्यांचा अभ्यास करत बसले, १९४१ मध्ये निष्कर्ष छापले, आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. वाळवंटात टिकलेला माणूस गावच्या रस्त्यावर गेला, समोर सायकलवरची दोन पोरं आली म्हणून. गावच्या रस्त्याला कमी समजू नका.

"पण मामा, मला काही रेस करायची नाही," भाचा म्हणाला. छान. रेस करणाऱ्यांचं ऐक. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. २०२१ च्या डकारमध्ये तोच सौदीच्या वाळवंटात पडला, डोक्याला मार बसला, डॉक्टरांनी त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवलं. तो त्यातून उठला. त्या वर्षीपासून डकारमध्ये हवेने फुगणारं जाकीटही सक्तीचं झालं. जगातला सगळ्यात मुरलेला स्वार नखशिखांत गुंडाळून निघतो, आणि आमचा नवशिका बर्म्युडावर.

बरं, गुंडाळणं आम्हाला अजिबात जमत नाही असं नाही. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटताना उभे राहा. आत आठ तास डोक्यावर हेल्मेट, पायात सेफ्टी शूज. कारण नाही घातलं तर गेटवरून परत. शिफ्ट संपली की हेल्मेट खुंटीला, बूट कपाटात, पायात स्लीपर आणि बाईकवर तिघं. माणसाची हाडं म्हणे कंपनीच्या आवारातच ठिसूळ असतात.

आता शिकायचं कुठे? भाच्याचं उत्तर तयार होतं: "शेतं रिकामी असतात ना, भात कापल्यावर." शहरात शिकून आलं की पोरगं असं बोलतं. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल टाकतात. थंडीत पोपटीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून ज्या शेंगा तू ओरपतोस, त्या त्याच 'रिकाम्या' शेतातल्या. खारेपाटात जाशील तर बांधावर गाडी घालू नकोस. त्या बांधाने खाडी अडवलेली असते. तो ढासळला की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन काही वर्षं भाताला मुकते. कांदळवनात तर पाऊलही नको, त्याला कायद्याचं कुंपण आहे. कर्नाळ्याच्या आणि फणसाडच्या अभयारण्यांत पाखरांना तुझा सायलेन्सर ऐकायचा नाही. समुद्रकिनारा म्हणजे धावपट्टी नव्हे, तिथे पोरं वाळूत खेळत असतात. राहिलं काय? ओळखीच्या माणसाचं पडीक माळरान, त्याला विचारून. किंवा सरळ पुण्याकडे, शिकवणाऱ्याकडे पैसे भरून.

आणि शिकायचं काय? उड्या नव्हेत. आधी पडलेली गाडी पाठ न मोडता उचलायला. मग फूटरेस्टवर उभं राहून, गुडघ्यांनी टाकी धरून, चालण्याच्या वेगाने सरळ जायला. मग आठाचा आकडा. मग मातीत ब्रेक. पुढचा ब्रेक घाबरून दाबला की चाक घसरतं आणि तुझा गणपती आडवा. नजर खड्ड्यावर नको, जायचं तिकडे. खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यातच जाशील, हे सूत्र आमच्या नगरपालिकेपासून सगळ्यांना लागू आहे. एकटा जायचं नाही. पाणी बरोबर. घरी सांगून. डोंगरात मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे १०८ ला फोन लावायला कुणीतरी धावत खाली यावं लागतं.

भाच्याचा चेहरा उतरला. त्यात बहिणीने धाकट्याचं नाव काढलं, तोही म्हणतो शिकणार. तो सोळा वर्षांचा. मी कायदा सांगितला: अठराच्या आतल्या पोराला गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. बहीण पहिल्यांदा खूश दिसली. तिने ते वाक्य माझ्याकडून लिहून घेतलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

यादी आता उलटी झाली आहे. वरती बूट आणि हेल्मेट, मग गार्ड, मग शिकवणी, मग गाडी. कॅमेरा आणि सायलेन्सर खोडले. भाचा म्हणतो, असं असेल तर गाडी पुढच्या वर्षी येईल. येऊ दे. ज्या तालुक्याने विनोबा जन्माला घातले आणि ज्या विनोबांनी देश पायी तुडवला, तिथल्या पोराने एक वर्ष चाललं तर आभाळ कोसळत नाही.

तुमच्या घरी डर्ट बाईक नसेल. पण गणपती असेल. पुढच्या वर्षी कारखान्यातून मूर्ती आणताना बाईकवर जाल, तेव्हा बघा: मागे बसलेल्याच्या मांडीवर बाप्पा, कागदात, पेंढ्यात, रुमालात. आणि बाप्पाला आणणाऱ्या दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, पुढच्यालाही आणि मागच्यालाही, नाहीतर कायद्याने १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद. मुकुट घातलेल्याला हवालदार हात जोडेल. टोपी घातलेल्याला पावती फाडेल. आणि पावती फाटली, एवढ्यावरच निभावलं तर पहिली आरती त्या हवालदाराच्या नावाने म्हणा.