पिशवी नवी, सरकी तीच

जानेवारी लागला की अकोला असो की अमरावती, गाड्यांच्या शोरूमवर एकच फलक झळकतो : नवं मॉडेल आलं! म्हणजे समोरची जाळी जरा रुंदावली, मागचे दोन दिवे लाल पट्टीनं जोडले, राखाडी रंगाला भारदस्त इंग्रजी नाव मिळालं. आणि किंमत. ती बदलायला कंपनी सहसा विसरत नाही.

वऱ्हाडातल्या कास्तकाराला यात काही नवल नाही. मृग तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रात तो दरसाल हेच पाहतो. पिशवी चकचकीत, बोंडाचा फोटो मोठा, नाव एखाद्या पैलवानाला शोभेलसं. आत सरकी मात्र ओळखीची. त्यामुळे सुझुकी आणि टोयोटा या जपानी व्याह्यांचं साटंलोटं त्याला समजावून सांगावं लागलं नाही. २०१९ मध्ये मारुती सुझुकीची बलेनो टोयोटाच्या घरी गेली, तिचं नाव ग्लान्झा ठेवलं. मागोमाग ब्रेझाची अर्बन क्रूझर, अर्टिगाची रुमियन आणि २०२४ मध्ये फ्रॉन्क्सची टायसर झाली. उलट वरात २०२३ मध्ये निघाली. इनोव्हा हायक्रॉस मारुतीकडे आली ती इन्व्हिक्टो होऊन. सासरी नाव बदलायची आपली रीत जपान्यांनी एवढी मनावर घेतली असेल, असं वाटलं नव्हतं.

फॉर्च्युनरचं तेवढं वेगळं. ती २००९ पासून एकाच घरी नांदते आहे. तिच्या काचेवरचं चिन्ह बदलतं, पण ते आत बसणाऱ्या साहेबांचं.

सगळंच थोतांड असतं असंही नाही. मे २०२५ मध्ये मारुतीनं ऑल्टो के-टेन आणि वॅगन-आरला सरसकट सहा एअरबॅग दिल्या. चांगलं झालं. अमरावती-अकोला महामार्गावर तर त्या हव्यातच. जून २०२२ मध्ये इथं सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, आणि खड्ड्यांनी वर्षानुवर्षं इमानदारीनं पाळून घेतलेली वेगमर्यादा त्याखाली कायमची गाडली गेली.

पण एअरबॅग कोण विचारतो? विचारतात सनरूफ. अकोल्याच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, टपावरची खिडकी उघडायची सोय! वऱ्हाडात ती दोनदाच उघडते : शोरूममध्ये विकणारा दाखवतो तेव्हा आणि वरातीत पुतण्या उभा राहून नाचतो तेव्हा. बाकी वर्षभर तिच्याखाली टॉवेल.

परवा एका शोरूममध्ये दर्यापूरकडचे एक काका नव्या गाडीभोवती फिरत होते. दार उघडून धाडकन लावलं, टायरला बोटानं टोचून पाहिलं.

“पोट्ट्या, हे थेच हाय ना बे, त्या दुसऱ्या दुकानातलं?”

“नाही काका, ही टोयोटा आहे.”

“अन् इंजन कोनाचं हाय?”

पोरानं टाय नीट केला. “काका, आपल्याकडे सर्व्हिस चांगली आहे.”

“मंग तसं सांग ना.” काकांनी बोनेटवरच्या त्या चकाकत्या चिन्हावर टिचकी मारली. “अन् हे काढून घेतलं तं किती कमी होते?”