पौर्णिमा, रोज पहाटे

कादंबरीतला नरलांडगा पौर्णिमेच्या रात्री बदलतो. आमच्या मनमाडला त्यासाठी चंद्र लागत नाही. पहाटे पंचवटी एक्स्प्रेस फलाटाला लागली की पुरते. घरी दोनदा हाक मारल्यावर उठणारा गृहस्थ पासधारकांच्या डब्यात शिरताच टोळीचा म्होरक्या होतो. खिडकी त्याची, पत्ते पिसणार तो आणि कुणाच्याही डब्यातला पहिला घास त्याचाच. नव्या पासवाल्याने आधी उभे राहायचे, मग कडेला टेकायचे आणि म्होरक्याच्या विनोदाला सर्वांत आधी हसायचे.

गंमत म्हणजे ‘अल्फा’ म्हणजे म्होरक्या लांडग्याची ही कथाच कच्ची निघाली. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरून टोळीतली उतरंड मांडली. पुढे १९९९ मध्ये डेव्हिड मीच यांनी दाखवून दिले की रानातली टोळी म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले, एवढेच.

थोडक्यात, मानापमानाची गुरगुर कोंडलेल्यांची, मोकळ्यांची नव्हे. डब्यात जागा कमी आणि प्रवास चार-साडेचार तासांचा, तेव्हा आमच्या म्होरक्यांनाही संशयाचा फायदा द्यावा. रात्री मनमाडला उतरले की तेही निमूटपणे रिक्षाच्या रांगेत उभे राहतात.