पुडीला पैठणीचा पदर

"वहिनी, धाकट्यानं भिंतीवर लावलाय तो निळा राक्षस कुणी काढलाय हो?"

"हानेस बोकनं, काकू. अमेरिकेतला. स्वस्तातल्या गोष्टींच्या मासिकांची कव्हरं करायचा. खरं नाव वेन वुडर्ड. बाखच्या संगीतावर जीव, त्यावरून टोपणनाव घेतलं. पाच वर्षांचा असताना आईबापाचा घटस्फोट. वाढला बाप नि सावत्र आईकडे, आणि त्यांना याचं चित्रं काढणं खपायचं नाही."

"सावत्रीचं सोडा, सख्ख्या बापाला काय धाड भरली होती?"

"शाळा संपताच बापाशी नातं तोडून आईकडे गेला, सिएटलला."

"बरं केलं!"

"पुढे लॉस एंजेलिसला रे ब्रॅडबरीशी दोस्ती जमली. तोच, नंतरचा मोठा लेखक. १९३९ मध्ये १८ वर्षांचा होता, रस्त्यावर पेपर विकायचा. न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तर पठ्ठ्या उसने पैसे घेऊन बसनं गेला, नि सोबत बोकची चित्रं! 'विअर्ड टेल्स'च्या संपादकापुढे ठेवली. डिसेंबरच्या अंकाचं कव्हर बोकचं."

"आमच्या ह्यांना असा एक मित्र नाही मिळाला. मिळाले ते जामीन राहा म्हणणारे."

"पण मासिकं रद्दी कागदावरची, पैसे बेताचे. आणि हा चित्रकार मॅक्सफिल्ड पॅरिशचा भक्त. पांढऱ्यावर पातळ रंगाचा हात, वर व्हार्निश, वाळलं की पुन्हा रंग. वेळ किती जाणार!"

"म्हणजे पुडीला पैठणीचा पदर."

"वर संपादकांशी भांडणं, चित्रांवरून नि पैशांवरूनही."

"भांडावंच. पण भाडं कोण भरणार?"

"लिहायचाही बरं का. आवडता लेखक ए. मेरिट वारला, तर त्याच्या अर्धवट राहिलेल्या दोन गोष्टी यानं पुऱ्या केल्या. १९५३ मध्ये विज्ञानकथांचे ह्यूगो पुरस्कार सुरू झाले, त्यात कव्हरांचा याला नि एड एम्शविलरला विभागून."

"तिथेही अर्धाच!"

"तोवर ज्योतिषात शिरला होता."

"अमेरिकेत पत्रिका मांडायचा?"

"लेखसुद्धा लिहायचा त्यावर. १९६४ मध्ये गेला, हृदयविकारानं, पन्नाशीच्या आत, गरिबीतच. आणि १९६९-७० मध्ये त्याच्या दोन कादंबऱ्या पुस्तकरूपानं बाजारात!"

"पोटात भूक होती तेव्हा कुठे होते हे सगळे?"

"एमिल पेटाजा म्हणून जुना मित्र होता. त्यानं बोकच्या नावानं संस्था काढली, चित्रं छापून लोकांपुढे ठेवली."

"मित्रांच्या बाबतीत मात्र मेल्याचं नशीब जोरावर. पत्रिकेत दिसलं असेल का हो त्याला?"