हातचा एक

(स्थळ : तिसरीचा वर्ग. प्रसंग : वर्षाची पहिली पालकसभा. बाक आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचा असल्यामुळे पालकांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले आहेत. समोर वर्गशिक्षिका बाई, टेबलावर सूचनेच्या कागदांचा गठ्ठा.)

पालक : बाई, सही कुठे करायची तेवढं सांगा. आणि जाता जाता एक विचारायचं होतं. तिसरीच्या वर्षाकडून आम्ही अपेक्षा काय ठेवायची? म्हणजे पहिला नंबर वगैरे...

बाई : नंबर गेले, आता श्रेणी आहे. ती बघून पेढे वाटू नका, कारण ती मीच भरते आणि 'अ-१' लिहायला शाई सारखीच लागते. अपेक्षा एकच ठेवा. कधीही न पाहिलेला पानभर मजकूर मुलानं स्वतः वाचावा आणि त्यात काय म्हटलंय ते आपल्या शब्दांत सांगावं. पहिली-दुसरीत वाचन हा शिकायचा विषय असतो. तिसरीत बाकीचे सगळे विषय त्याच्या खांद्यावर बसतात. परिसर अभ्यासात आपला जिल्हा येतो, त्यातल्या नद्या, पिकं, तालुके येतात, गणितात शाब्दिक उदाहरणं येतात, आणि कुणीही थांबून 'हे अक्षर कुठलं बरं?' असं विचारत नाही. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी यांचा एक पायाभूत टप्पा केला आणि तिसरीपासून वेगळा टप्पा सुरू केला. पुढच्याच वर्षी 'निपुण भारत' अभियान आलं. त्यात तिसरीच्या अखेरीचं माप लिहूनच ठेवलंय : अनोळखी मजकूर अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि साधे गुणाकार.

पालक : साठच? आमचा शंभर वाचतो. फाडफाड. राजधानी एक्सप्रेस आहे नुसती.

बाई : राजधानी मधल्या स्टेशनांवर थांबत नाही, हीच तर तक्रार आहे. त्या मापातले 'अर्थ समजून' हे दोन शब्द सगळे गाळतात, कारण आकडा लक्षात राहायला सोपा. यात आपली देवनागरी आपल्याला फार गोड फसवते. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचं भांडण असल्यामुळे अनोळखी शब्दाशी मूल अडखळतं आणि घरच्यांना लगेच कळतं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं जमली, रफार कुठे द्यायचा ते कळलं, की मूल तहसीलदाराची नोटीससुद्धा खणखणीत वाचून दाखवील. घरातले टाळ्या वाजवतील आणि जमीन कुणाची जप्त होणार आहे ते त्याला कळलेलं नसेल. म्हणून मुलानं किती जोरात वाचलं ते मोजू नका. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि 'यात काय झालं?' एवढंच विचारा.

पालक : ठीक आहे, भाषेचं बघू. गणितात मात्र चिंता नाही. सगळं येतं त्याला. शाब्दिक उदाहरणं सोडून.

बाई : ती घरी कशी सोडवता?

पालक : मी वाचून दाखवतो ना! 'एका पेटीत २४ आंबे आहेत. अशा... सहा... पेट्या आहेत.' तो ताबडतोब म्हणतो, गुणाकार!

बाई : 'अशा' या शब्दावर जोर कुणी दिला? सहाच्या आधी थांबलं कोण? भुवया कुणी उडवल्या? अहो, अर्धं उदाहरण तुमच्या आवाजानं सोडवलंय. २४ गुणिले ६ ही हातच्याची कवायत आहे आणि ती त्याला येतेच. अवघड भाग त्याच्या आधीचा आहे. या तीन ओळींत कोण कुणाला काय देतंय, किती उरलंय आणि विचारलंय काय, हे कागदावरून उचलायचं. ते उचलायचं काम रोज संध्याकाळी तुम्ही करता. मुलगा मग उदाहरण वाचायचं सोडून तुमचा चेहरा वाचायला शिकतो, आणि त्यात तो फार हुशार आहे. परीक्षेत मग तो माझ्याकडे चेहरा वर करून विचारतो, 'बाई, मिळवायचे की वजा?' मी भुवया उडवत नाही, म्हणून मी कडक बाई.

पालक : पण आपली शाळा सेमी आहे. गणित इंग्रजीत, म्हणून तर वाचून द्यावं लागतं.

बाई : हा आक्षेप खरा आहे. 'हाऊ मेनी आर लेफ्ट' वाचून मूल आंबे डाव्या बाजूला शोधतं, त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण उपाय उलटा आहे. उदाहरण त्यालाच वाचू द्या, मग मराठीत सांगायला लावा. आख्खं उदाहरण तुम्ही मराठीत करून दिलंत, तर 'लेफ्ट' आठवीपर्यंत डावीकडेच राहील.

पालक : आणि पाढे? आमचे आजोबा पावकी-निमकी म्हणायचे.

बाई : म्हणू द्या, पाढे हवेतच. पाढा किती ते सांगतो, केव्हा ते सांगत नाही. आकड्यांच्या नावांचं म्हणाल तर मराठीत ते स्वतंत्र संकट आहे. एकोणसत्तर ऐकलं की मूल आधी सत्तर लिहून मोकळं होतं. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचायची सोय दिली, तेव्हा मंगला नारळीकरांच्या समितीवर महाराष्ट्रभर विनोद झाले. अडचण मात्र खरी होती. असो, आपण वाचनावर होतो.

पालक : तुम्ही जरा जास्तच घाबरवता, बाई. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही असं कुठे असतं का?

बाई : 'असर' सर्वेक्षणाचे लोक वर्गात बसत नाहीत. ते ग्रामीण भागात मुलाच्या घरी जातात, एकेका मुलाच्या हातात कागद देतात आणि वाच म्हणतात. मधे वाचून दाखवणारे बाबा नसतात. २०२४ साली देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर २७.१ टक्क्यांना वाचता आला, आणि वजाबाकी ३३.७ टक्क्यांना जमली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'परख'चं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. ते शहरांतही होतं. त्यात तिसरीच्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानं लावता आल्या. उरलेल्या ४५ टक्क्यांचे पालक अशाच एखाद्या बाकावर बसून 'गणितात चिंता नाही' म्हणत असणार.

पालक : ते सरकारी शाळांचं. आम्ही फी भरतो.

बाई : वाचनाचे २७.१ हे सगळ्या शाळा मिळून. नुसत्या सरकारी धरल्या तर २३.४. खासगीत थोडं बरं आहे, पण फी ज्या वेगानं वाढते त्या वेगानं नाही. आणि खरं सांगायचं तर सरकारी शाळांचाच आकडा २०२२ मध्ये १६.३ होता, तो दोन वर्षांत इतका चढला. म्हणजे नेटानं लागलं तर फरक पडतो. हे तुम्हाला धीर देण्यासाठी सांगते, निवांत होण्यासाठी नाही.

पालक : नापास तर करत नाहीत ना? मग पुढे येईलच की आपोआप.

बाई : आपोआप फक्त उंची वाढते. शिक्षणहक्क कायद्यामुळे तिसरीत कुणी थांबवत नाही आणि ते योग्यच आहे. आठ वर्षांच्या मुलाला मागं ठेवून त्याचं वाचन सुधारत नाही. पण २०२३ मध्ये नियम बदलले. आपल्या राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, मग पुनर्परीक्षा आहे, आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात बसणं आहे. तिसरीत राहिलेलं वाचन हातच्यासारखं असतं. बेरीज करताना डोक्यावर बारीक अक्षरात लिहून ठेवतो ना, तसा हा एक तिसरीच्या डोक्यावर असतो. कुणाला दिसत नाही, उत्तर बरोबर आल्यासारखं वाटतं, आणि पाचवीत तो मिळवायची वेळ येते.

पालक : शेजारचा मुलगा मात्र दिवाळीआधीच गोष्टींची जाड पुस्तकं वाचायला लागला, म्हणून धास्ती वाटते.

बाई : शेजाऱ्याला यात आणू नका. पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून एकाच वर्गात जवळजवळ वर्षाचं अंतर असलेली मुलं शेजारी बसतात. आठ वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे आठवा हिस्सा झाला. कुणाला दिवाळीत जमतं, कुणाला मार्चमध्ये. मार्चमध्येही जमलं नाही तर मला भेटा, आणि त्याआधी डोळे तपासून घ्या. फळा दिसत नसलेली मुलं 'लक्ष देत नाही' या शेऱ्याखाली वर्षं काढतात.

पालक : म्हणजे आम्ही मदतच करायची नाही? तुम्हीच म्हणता, मुलांना वाचून दाखवा.

बाई : गोष्ट वाचून दाखवा, रोज दाखवा, भुवयाही उडवा. गोष्टीत तुमचा आवाज त्याला शब्द देतो. उदाहरणात मात्र तोच आवाज त्याचं काम काढून घेतो. गोष्ट तुमची, उदाहरण त्याचं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, ते आणा.

पालक : ॲप आहे का त्याचं?

बाई : कागद आहे. आणि गृहपाठाचं ऐका. २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला गृहपाठ आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास सांगितलाय.

पालक : आठवड्याला? आम्ही रोज दोन तास बसतो!

बाई : त्यातला मुलगा किती वेळ बसतो?

पालक : (घड्याळ बघून) बाई, बाहेर रांग आहे. सही करतो. (करतात.) हं, घ्या.

बाई : कशावर केलीत?

पालक : (कागद उलटसुलट करून) सहलीचे पैसे? की... गणवेश? बाई, तुम्हीच वाचून दाखवा ना.

(सूचना तीस शब्दांची होती. तिसरीच्या मापानं अर्ध्या मिनिटाची.)